पेणची मरिया

दसरा झाला की पेणच्या कारखान्यांतला गलका एकदम थांबतो. गणपती जाऊन महिना उलटलेला असतो, देवीही गेलेल्या असतात, आणि पुढच्या वर्षाच्या मूर्तींना हात घालायला अजून दिवाळी जायची असते. गल्लीतून चालताना प्लास्टरच्या गरम वासाऐवजी धुतलेल्या फरशीचा वास येतो. साचे उन्हात पालथे घातलेले असतात. ब्रश रॉकेलच्या डब्यात. रंगाचे डाग पडलेल्या पाटांवर मांजरं झोपलेली. मी पेणची. लग्न होऊन रोह्याजवळ वरशाला गेले त्याला पंचवीस वर्षं झाली, पण या दिवसांत माहेरी गेले की त्या रिकाम्या कारखान्याच्या दारात पाय अडतोच.

अडतो आणि डोकं फिरतं. माणसांना या दिवसांत फराळ आठवतो, किल्ले आठवतात. मला मुंबईतलं एक चर्च आठवतं. यंदा तर जास्तच, कारण यंदा त्या चर्चचा इतिहास छापून आला आहे आणि तो चुकला आहे.

मी एका कंपनीत क्वालिटीत काम करते. आमच्याकडे ड्रमवर चुकीचं लेबल लागलं तर माल कितीही चांगला असो, गाडी गेटवरून परत येते. लेबल म्हणजे शोभा नव्हे. आत काय आहे आणि ते कुणी केलंय, याची ती कबुली असते. हे मी रोज नव्या मुलांना सांगते. मग आमच्या लॅबमधल्या एका मुलीने तिच्या मुंबईतल्या चर्चची पुस्तिका मला हौसेने वाचायला दिली आणि एका पानावर मला माझ्या आईचं काम दिसलं. खाली ओळ होती : ‘गव्हाणीच्या देखाव्यातील या मूर्ती इंग्लंडहून भेट आलेल्या आहेत. मरियेची समोर पाहणारी दुर्मीळ नजर हे त्यांचे वैशिष्ट्य. ती तेथील एखाद्या जुन्या शैलीची खूण असावी.’

शैलीची खूण! ते वाचताना मी डबा खात होते. घास तसाच राहिला.

मी सहावीत होते तेव्हाची गोष्ट. असाच दसरा झालेला. एस.टी. स्टँडकडून एक उंच, सावळे गृहस्थ पांढऱ्या शर्टात, हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन गल्लीत आले आणि दोन कारखान्यांतून ‘आमचं काम नाय ते’ ऐकून आमच्या दारात उभे राहिले. मुंबईतल्या एका जुन्या चर्चचे ते पाळकसाहेब, म्हणजे तिथले धर्मगुरू. मराठी बोलणारे, आमच्यासारखेच. अण्णांना म्हणजे माझ्या वडिलांना तेच पहिलं नवल वाटलं.

“तुमचं चर्च गोऱ्या सायबांचं ना?” अण्णांनी विचारलं.

“होतं,” पाळकसाहेब म्हणाले. “साहेब गेले. चर्च राहिलं. आता आम्ही आहोत.”

मग त्यांनी कापड सोडलं. आत अर्धा मेंढपाळ होता. कमरेपासून वरचा. साहेबांच्या काळात विलायतेहून नाताळच्या देखाव्याचा, म्हणजे गव्हाणीतला बाळ येशू आणि भोवतीची मंडळी यांचा, पूर्ण संच आला होता. पावसाळ्यात छत गळलं, पेटीत पाणी गेलं आणि नाताळच्या आधी पेटी उघडली तर आत लगदा. वाचला तो हा अर्धा मेंढपाळ. तेव्हापासून दोन नाताळ देखाव्याशिवाय गेले होते. “पोरं विचारतात,” ते म्हणाले. “बसमधून जाताना तुमच्या गावात ओळीने मूर्ती दिसतात. म्हटलं, ज्यांना एक देव येतो त्यांना दुसराही येईल.”

अण्णा हसले. काम घेतलं. तसेही हात रिकामेच होते.

मला त्या दिवसांतलं सगळं वासाने आणि बोटांनी आठवतं. काथ्या सोडवायचं काम माझ्याकडे होतं. नारळाचा तो राठ काथ्या पिंजून मोकळा करायचा, मग तो ओल्या प्लास्टरमध्ये कालवून साच्याला आतून थापला की मूर्ती पोकळ असूनही तडकत नाही. पेणला हे लहान पोरालाही माहीत. बोटांना खाज सुटायची, नखांत तूस जायचं. दिवाळीची सुट्टी होती आणि मी बाकीच्या मुलींसारखी दारापुढे रांगोळी न काढता अंगणात मेंढपाळांसाठी काथ्या पिंजत होते. तेव्हाही मी वैतागलेलीच होते. स्वभाव आधीपासूनचा आहे.

मेंढपाळाचा नमुना होता, पण येशूच्या आईचा, मरियेचा नव्हता. अण्णांनी पाळकसाहेबांना ती कशी असते ते विचारलं.

“गुडघे टेकून बसलेली. बाळासमोर.”

आई तेव्हा मागे बसून तांदूळ निवडत होती. ती परक्यांसमोर फारसं बोलत नसे, पण हे ऐकून तिला राहवलं नाही. “कालची बाळंतीण ना ती? गुडघ्यावर कशाला बसवताव तिला? मांडी घालून बसू दे. पाठ तरी टेकू दे कुठं.”

पाळकसाहेब गोंधळले. मग म्हणाले, “बाई, चित्रात तशीच असते.”

“चित्र काढणारा बाप्या आसंल,” आई म्हणाली आणि परत तांदळात डोकं घातलं.

मूर्ती चित्रासारखीच झाली, गुडघे टेकलेली. पण आईने तिच्या पाठीमागे गवताचा एक भारा ठेवायला लावला. तो आजही तिथे आहे. पुस्तिकेतल्या फोटोत दिसतो. त्याच्याबद्दलही लिहिलंय, ‘ग्रामीण इंग्लंडचा स्पर्श’.

आमच्याकडे साचा, घडण, घासकाम अण्णांचं. आखणी आईची. आखणी म्हणजे डोळे. मूर्ती कितीही सुबक असली तरी आखणी होईपर्यंत ती मूर्ती नसते, सामान असतं. आई मूर्तीला पाटावर आपल्या समोर घ्यायची, डोळ्याला डोळा भिडेल अशा उंचीवर. श्वास रोखून वरची पापणी, मग खालची, मग बुबुळ. शेवटचा ठिपका ठेवला की ब्रश खाली ठेवून ती बघायची. मूर्तीने तिच्याकडे बघितलं की काम झालं. नाही बघितलं तर पुसायचं आणि पुन्हा. गणपतीने घरात बसल्यावर समोर येणाऱ्याकडे बघायचं असतं, त्यासाठीच तो बसलेला असतो. आईला जन्मभर डोळ्यांची ही एकच परीक्षा माहीत होती.

तिने मरियेची आखणीही त्याच परीक्षेने केली.

डिसेंबर लागला. सकाळी विहिरीच्या पाण्याची वाफ निघायला लागली आणि रंग वाळायला वेळ लागू लागला. अशाच एका सकाळी टेम्पो घेऊन पाळकसाहेब आले. कारखान्यात अकरा मूर्ती ओळीने मांडल्या होत्या : मरिया, योसेफ, बाळ, तीन मेंढपाळ, तीन राजे, गाय आणि गाढव. पाळकसाहेब एकेकापुढे थांबत आले. गाईला बघून खूश झाले, गाय आमच्या दारातलीच होती ती, कपाळावर पांढरा चट्टा असलेली. मग मरियेपुढे थांबले आणि हललेच नाहीत.

“काय झालं?” अण्णांनी विचारलं.

“ही बाळाकडे बघत नाहीये.”

सगळे बघायला लागले. खरंच. बाळ तिच्या पुढ्यात खाली, आणि ही मान थोडी झुकवून थेट समोर उभ्या माणसाच्या डोळ्यांत बघत होती. मान अण्णांनी बाळाकडे झुकवली होती, डोळे आईने आपल्याकडे वळवले होते. दोघांनी आपापलं काम चोख केलं होतं. दोघं मिळून चुकले होते.

आईचा चेहरा मला आठवतो. रंग उतरला म्हणतात, तसाच. ती एवढंच म्हणाली, “आलेल्या माणसाकडं नको बघायला?” आणि लगेच, “पुसते. दोन दिस द्या.”

दोन दिवस नव्हते. टेम्पो दारात उभा होता. पाळकसाहेब म्हणाले, “राहू द्या बाई. इतकी वर्षं ती बाळाकडेच बघत होती. आता आमच्याकडे बघू दे.”

अण्णांना ते पटलं. मला तर फारच आवडलं. आईने मात्र ते कधी मानलं नाही. टेम्पो वळणावर गेल्यावर ती म्हणाली, “भला माणूस. वेळ नव्हता म्हणून नेलान.”

पुढे अण्णा गेले. पाळकसाहेबही गेले असतील. कारखाना भाऊ चालवतो, त्याच्याकडे आता आखणीला पगारी माणसं आहेत. आई ऐंशीच्या पुढे. हात थरथरतो, चहाची बशी वाजते. तिने आयुष्यात हजारो डोळे आखले आणि ते सगळे पाण्यात गेले. जायचेच असतात, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. धंदाच तसा आहे. पण जगात तिच्या हातचं जे काही कोरडं उरलंय ते त्या अकरा मूर्तींवर आहे, आणि त्यांना इंग्लंडचं लेबल. हे मला सहन होईना. ती आहे तोवर ते लेबल बदलायचं, एवढंच मी ठरवलं.

पुस्तिका मी दोनदा वाचली. चांगल्या कागदावर आहे. दगड कुठून आला, घंटा कुठे ओतली, ऑर्गन कुणी दिला, कुठल्या बाकावर कुठला साहेब बसे, सगळं आहे. भिंतीवरच्या संगमरवरी पाट्यांचे मजकूर आहेत. तापाने गेलेले तरुण लेफ्टनंट, बाळंतपणात गेलेल्या त्यांच्या बायका. ते वाचून वाईटही वाटतं. मग देश स्वतंत्र होतो, साहेब बोटीत बसतात, आणि इतिहास दोन पानांत संपतो. पुढे त्या बाकांवर कोण बसलं, गळकं छत कुणी बदललं, संध्याकाळची मराठी उपासना सकाळची मुख्य उपासना कधी झाली, यातलं एक अक्षर नाही. जणू गोरे गेल्यावर तिथे फक्त धूळ साचली.

शेवटच्या पानावर संपादकांचा फोन होता. साळवे सर, निवृत्त शिक्षक, बोलायला फार सौम्य. सौम्य माणसांशी भांडणं हे सगळ्यात त्रासाचं काम.

“मॅडम, काही कागद आहे का तुमच्याकडे?”

“कागद नाही. आई आहे.”

“म्हणजे... हयात आहेत?”

“सकाळी मला फोनवर शिव्या घातल्यात तिने. इतकी हयात आहे.”

“तसं नव्हे. आमच्या नोंदवहीत स्पष्ट आहे, संच इंग्लंडहून भेट.”

“तो भिजून गेला. तेही लिहिलंय का?”

“नाही. मी तेव्हा नोकरीमुळे बाहेरगावी होतो. आणि मोडलेल्या वस्तूंची नोंद कोण ठेवतं?”

मी ठेवते. आमच्याकडे मोडलेल्या प्रत्येक काचेच्या नळीची नोंद असते. पण हे फोनवर बोलून उपयोग नव्हता. मी म्हटलं, एक मूर्ती उलटी करा आणि बुडाखालून आत बघा. काथ्या दिसेल. इंग्लंडमध्ये नारळ होत नाहीत. ते म्हणाले, मूर्ती नाजूक आहेत, नाताळच्या आधी पेटीतून काढत नाहीत. मी पुढच्या आठवड्यात फोन केला. कमिटीपुढे ठेवतो. त्याच्या पुढच्या आठवड्यात केला. कमिटीची सभा पुढे गेली. मी भाऊबीजेला केला, तुळशीच्या लग्नाला केला. माझा नवरा म्हणाला, “त्या माणसाने तुझा नंबर ‘काथ्या’ नावाने सेव्ह केला असेल.”

शेवटी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी गाडी काढली, पेणला आईला घेतलं आणि मुंबईला गेले. हायवेचं काम माझी मुलगी बालवाडीत होती तेव्हापासून चालू आहे. आई प्रत्येक खड्ड्याला “आई गो” करत होती आणि मधेच म्हणत होती, “कशाला नेतेस मला थितं? झालं गेलं ते.” मी तिला एवढंच सांगितलं होतं की आपल्या मूर्ती बघायला जायचंय. नावाचं सांगितलं नव्हतं. ती माझी चूक.

उपासना संपून लोक पांगले होते. आत गारवा होता, मेणबत्त्यांचा आणि जुन्या लाकडाचा वास. वेदीच्या डाव्या हाताला देखावा नुकताच मांडलेला. साळवे सर वाट बघत होते. सडपातळ, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. त्यांनी आईला वाकून नमस्कार केला तेव्हा माझा अर्धा राग उगाचच गेला.

त्यांनी स्वतःच एक मेंढपाळ उचलला, हलक्या हाताने आडवा केला आणि मोबाइलचा उजेड बुडाखाली धरला. आत प्लास्टरमध्ये काथ्याच्या शिरा दिसत होत्या, तपकिरी, राठ. मी सहावीत पिंजलेल्या. साळवे सरांनी मोबाइलचा उजेड बंद केला.

“मान्य,” ते म्हणाले. मग मेंढपाळ जागेवर ठेवत म्हणाले, “माझी आजी या चर्चमध्ये येत असे, माहीत आहे? एका साहेबाकडे आया होती. मागच्या दाराशी बसायची. पुस्तिकेत तीही नाही.”

“मग घाला की तिला!”

“कशाच्या आधारावर? नोंदवहीत देणगी देणाऱ्यांची नावं आहेत. बसणाऱ्यांची नाहीत.”

“सर, तुम्ही स्वतःच तर आधार आहात.”

ते कसंनुसं हसले. तीस वर्षं मुलांना इतिहास शिकवलेला माणूस, आणि स्वतःच्या आजीसाठी पुरावा शोधत होता. मला त्यांची दया आली आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं. पण त्यांनी एक गोष्ट कबूल केली. उरलेल्या प्रतींत दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवायची. मी पर्समधून कागद काढला, मजकूर तयारच होता : ‘या मूर्ती पेण येथे घडल्या. आखणी : इंदुमती’. पुढे अण्णांचं नाव, आडनाव, सगळं.

ते वाचून दाखवलं तेव्हा आई देखाव्यापुढे उभी होती. मरियेच्या अगदी समोर. मला वाटलं, तिचे डोळे भरून येतील. ती मागे वळली ती रागाने.

“माझं नाव घालतेस? या कामावर?”

“आई, तुझंच काम आहे.”

“चुकलेलं काम हाय ते! इतकी वर्सं मला टोचतंय. उजवी पापणी पण जाड झालीय, बघ. त्याच्यावर नाव लावतेस माझं?”

“आजी,” साळवे सर म्हणाले, “लोक हीच नजर बघायला येतात. बायका येऊन उभ्या राहतात तिच्यापुढे. रडतात कधी कधी. तिच्याशी बोलतात.”

“बोलूंदेत. आई हाय ना ती? पोराकडं बघायचं सोडून लोकांकडं बघते.” आईने चिठ्ठीवर बोट ठेवलं. “नाव घालायचं तर खाली लिवा, नजर चुकलीय म्हणून. नायतर नाव नको.”

“चूक असं कसं छापणार, आजी? ती तर आमची...”

“मग नको.”

विषय संपला. मी दोघांकडे बघत राहिले. एक चूक छापायला तयार नाही, दुसरी चुकीशिवाय नाव द्यायला तयार नाही. एवढे फोन, एवढे खड्डे, आणि चिठ्ठीवर उरलं काय, तर ‘या मूर्ती पेण येथील कारागिरांनी घडवल्या.’ कारागिरांनी. म्हणजे कुणीच नाही. आमच्याकडे असलं लेबल मी पास केलं नसतं.

निघताना एक बाई आत आली. हातात भाजीची पिशवी, कपाळावर घाम. ती मरियेपुढे उभी राहिली, पिशवी खाली ठेवली, आणि नुसती बघत राहिली. मरिया तिच्याकडे बघत होती. मी आईला कोपराने ढोसलं, बघ म्हणून. आईने बघितलं. पण ती त्या बाईकडे बघतच नव्हती, पापणीकडे बघत होती.

पेणला पोचलो. भावजयीने चहा ठेवला. साळवे सरांनी मला एक प्रत भेट दिली होती, ती मी टेबलावर उघडली, पेन काढलं, ‘इंग्लंडहून भेट आलेल्या’ यावर काट मारली आणि समासात स्वच्छ अक्षरात सगळं लिहिलं. पेण. अण्णांचं नाव. आखणी, इंदुमती. निदान एका प्रतीत तरी लेबल बरोबर. मग मी हात धुवायला मोरीवर गेले.

परत आले तर आई पुस्तिकेवर वाकलेली. माझं पेन तिच्या हातात. फोटो पानभर आहे, मरियेचा चेहरा अंगठ्याएवढा मोठा. आईने श्वास रोखला होता, तो मला तीन फुटांवरून ऐकू येत नव्हता यावरूनच कळला. हात हलत होता. तिने वरच्या दोन्ही पापण्या खाली ओढल्या आणि बुबुळं खाली, बाळाकडे नेली. रेष वाकडी गेली, उजवी पापणी पुन्हा जाडच झाली. मग तिने पेन ठेवलं, मान मागे घेऊन बघितलं, आणि पुस्तिका माझ्याकडे सरकवली.

“आता लिव नाव,” ती म्हणाली.

नाव तर मी आधीच लिहिलं होतं. ती प्रत आता वरशाला माझ्या कपाटात आहे. मजकूर अगदी बरोबर. आणि मरिया खाली बघते, निळ्या बॉलपेनच्या पापण्यांनी, माझ्याकडे मुळीच बघत नाही. हे मला अजिबात आवडलेलं नाही.